पालकांची खुर्ची

"उठा. ही पालकांची खुर्ची आहे."

माझी माय नुकतीच बसली होती. तीही अर्धीच. खुर्चीच्या कडेवर, पडू नये म्हणून एका हाताने माझं डेस्क धरून. त्याआधी तिला खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शाळेत दर महिन्याच्या एका शनिवारी पालकांना बोलावत. प्रत्येक मुलाच्या डेस्कशेजारी एक खुर्ची मांडत. आईने किंवा वडिलांनी तिथे बसून वर्ग पाहायचा आणि मग मिसशी बोलायचं. ही पद्धत नवी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी ती त्याच वर्षी सुरू केली होती. आम्ही त्यांना मोठ्या मिस म्हणायचो. मी घरी हे सांगितलं तेव्हा मायने पुन्हा विचारून घेतलं, "सगळ्याच पोराईच्या माया येतेत?" मी हो म्हटलं. त्या शनिवारी ती मासे विकायला गेली नाही. पहाटे तलावावर जाऊन चिंच आणि राख लावून हात घासले. कोपरापर्यंत घासले, लाल होईपर्यंत. ठेवणीतलं लुगडं नेसली आणि माझ्यामागे चालत शाळेत आली.

"मी मायच हावो ना हिची," ती म्हणाली.

समोर उभ्या असलेल्या बाईसाहेब हसल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई आहात हो. पण शाळेत हिची पालक मी आहे."

माय उठली. बाईसाहेबांनी पर्समधून रुमाल काढला, खुर्चीवर पसरला आणि त्यावर बसल्या. माझ्या शेजारी. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता. सगळी मुलं पाहत होती. सगळ्यांच्या आया पाहत होत्या. मिसनी पानाचा आकडा सांगितला. मी पान उघडलं.

माय शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. ती जागा तिला माहीत होती. तिथेच ती मासे द्यायची.

आम्ही ढिवर. तलावाचे मासे आणि शिंगाडे यांवर जगणारे. तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. बल्लारपूरला कागदाचा कारखाना नवा होता, कोळशाच्या खाणी आधीपासून होत्या, आणि साहेबलोकांच्या बंगल्यांची एक वस्ती झाली होती. त्यांच्या मुलांसाठी ही इंग्रजी शाळा निघाली होती. माय बंगल्याबंगल्यांवर मासे विकायची. मी तिच्या लुगड्याचा काठ धरून मागे उभी राहायची आणि आतून जे इंग्रजी ऐकू येईल ते पुटपुटायची. बाईसाहेबांनी ते एकदा ऐकलं. त्या एका लाकडाच्या ठेकेदाराच्या पत्नी होत्या. शाळेच्या मंडळावर होत्या. त्यांना गंमत वाटली. चार बायांपुढे त्यांनी मला तेच तेच म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, हिला मी शिकवते. अशी मी त्या शाळेत गेले. बाईसाहेबांची मुलगी म्हणून नव्हे. बाईसाहेबांचं पुण्य म्हणून.

शाळेत मी कोणाशी बोलायची नाही. बोलले की हसत. म्हणून माझं सगळं बोलणं घरी व्हायचं. संध्याकाळी माय अंगणात मासे साफ करायला बसली की विचारायची, "आज का सांगतलं वं मिसनं?" मग मी सगळा धडा तिला आमच्या बोलीत सांगायची. ती ऐकायची आणि मध्येच अडवायची. एका धड्यात एक मोठं सरोवर होतं, त्यात राजहंस होते. माय म्हणाली, "मासे कोनते होते त्याच्यात?" मी म्हटलं, लिहिलं नाही. "मंग त्यानं तलाव पाह्यलाच नाई," ती म्हणाली आणि मरळीचं डोकं वेगळं केलं. बा बाजूला जाळं शिवत बसलेला असायचा. तो हसायचा. म्हणायचा, "हे दोघी मिळून त्या इंग्रजाची परीक्षा घेऊन राह्यल्या."

मला पाठ करावं लागायचं नाही. मायला सांगता सांगता धडा डोक्यात बसायचा. तिला न कळेल असं मी सांगू शकत नसे. ती न कळलेलं सोडत नसे. हे शिकवणं आहे हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. माझा नंबर वरचा यायचा. सगळ्यांना वाटायचं, बाईसाहेबांची कृपा.

त्या शनिवारी वर्ग सुटल्यावर बाईसाहेब मागच्या ओट्याकडे गेल्या. मला बरोबर नेलं. माय उभीच होती. तिने हात जोडले आणि विचारलं, "बाई, मंग मी का करू हिच्यासाठी?"

मी तो प्रश्न विसरलेली नाही. ज्या बाईला खुर्चीवरून उठवलं, तीच विचारत होती की मी काय करू.

बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका. एक मात्र पाळा. घरी हिच्याशी तुमचं ते बोलणं बोलू नका. तेच हिच्या जिभेवर बसतं. हिचं इंग्रजी पक्कं होईपर्यंत तुम्ही हिच्याशी एक शब्दही बोलता कामा नये."

बंगल्यांतून असं सहज बोलतात. बोलतात आणि विसरतात. आमच्या अंगणात ते तसं राहणार नव्हतं.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं तेव्हा आमची सगळी वस्ती मिळून मोठं जाळं ओढते. बाया, पोरं, म्हातारी, सगळी दोर धरतात. जाळ्याची दोन टोकं एकमेकांकडे यायला लागली की सगळ्यांत म्हातारा माणूस तोंडावर बोट ठेवतो आणि तळहात खाली दाबतो. त्या क्षणापासून कोणी शब्द काढायचा नाही. पायात काटा गेला तरी नाही. पोर रडलं तर आई त्याचं तोंड छातीशी दाबते. मासा ऐकतो, आवाज झाला की उसळतो आणि जाळ्यावरून निघून जातो, असं आमच्यात मानतात. जाळं काठाला टेकेपर्यंत सगळं खुणेने चालतं. जो बोलला त्याला त्या दिवशी वाटा मिळत नाही. यावर कोणी भांडत नाही.

मायने बाईसाहेबांचं ऐकून मान हलवली. तिला ते कळलं. तिला ते फार चांगलं कळलं.

त्या संध्याकाळी मी अंगणात जाऊन बसले. टोपलीत मासे होते. माय साफ करत होती. मी वाट पाहिली. तिने विचारलं नाही. मग मीच म्हटलं, "माय, आज ना." तिने तोंडावर बोट ठेवलं. तळहात खाली दाबला.

मला वाटलं, रागावली आहे. खुर्चीवरून उठवलं त्याचा राग. उद्या जाईल.

तो राग नव्हता. दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही. नंतरही नाही. तिला दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून तिने बोलणंच ठेवून दिलं. जेवायची वेळ झाली की ती बाला म्हणायची, "तुया पोरीले सांग, सैपाक झाला." मी हाताच्या अंतरावर बसलेली असायची. बा म्हणायचा, "मले का डाकिया समजलीस? तुनंच सांग." ती त्याच्याकडे अशी बघायची की तो गप्प होऊन मला सांगायचा, "जेवाले बस म्हन्ते."

पहिल्यांदा आम्ही तिघंही हसलो होतो. मग हसणं थांबलं.

मला ताप आला तेव्हा ती रात्रभर उशाशी होती. कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. मी "माय, माय" करत होते. ती नुसती माझे केस मागे सारत होती. ओठ हलत होते. आवाज काढत नव्हती. माझं भलं करत होती. इतक्या हट्टाने कोणी कोणाचं भलं केलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मी बाला म्हटलं, तिला समजाव. तो म्हणाला, समजावलं. तिचं म्हणणं, जाळं अजून पाण्यात आहे. पोरीचा वाटा जाईल.

शाळेत मी आधीच गप्प होते. आता घरीही गप्प झाले. धडा ऐकायला कोणी नव्हतं. मी पुस्तक उघडून बसायची आणि अक्षरं नुसती पाहत राहायची. त्यातला तलाव, त्यातले घोडे, त्यातली राणी, कोणाचंच काही सांगायचं नव्हतं. सांगायचं नसलं की वाचलेलं राहत नाही. माझं इंग्रजी तुटलं. गणित गेलं. मिस प्रश्न विचारत तेव्हा मी उभी राहायची आणि माझ्या तोंडातून काही निघायचं नाही. कधी कधी बोट आपोआप ओठांवर जायचं. मुलांनी माझं नाव मुकी ठेवलं.

पालकांच्या शनिवारी बाईसाहेब येत. रुमाल पसरून बसत. मिसशी इंग्रजीत बोलत. बीजच तसं आहे, त्या म्हणत. मी शेजारी बसून ऐकायची. मला इंग्रजी समजत नाही असं त्यांना वाटायचं. बोलता येत नव्हतं. समजायचं सगळं.

माय त्या दिवशी मागच्या ओट्यावर येऊन उभी राहायची. शाळेने बोलावलं होतं, तेव्हा येणं तिने सोडलं नाही. तिथून वर्गाची एक खिडकी दिसायची. त्या खिडकीत मी दिसायची नाही. तरी यायची.

वर्ष संपताना पालकांचा मोठा मेळावा झाला. शाळेच्या अंगणात कनात बांधली. खुर्च्या मांडल्या. कारखान्याचे साहेब, खाणीचे साहेब, त्यांच्या बायका. जेवणासाठी मासे सांगितले होते, ते माय घेऊन आली. टोपली देऊन ती कनातीच्या कडेला, दोरीपाशी उभी राहिली.

बाईसाहेबांचं भाषण होतं, इंग्रजीत. विषय, मुलांच्या शिक्षणात आईवडिलांचं लक्ष. त्या छान बोलत. म्हणाल्या, शाळा कितीही चांगली असली तरी घरी कोणी विचारणारं नसेल तर मूल वाया जातं. हे खरं होतं. मला तेव्हाही खरं वाटलं. मग त्यांनी मला पुढे बोलावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना सांगितलं की ही मुलगी हुशार होती, पहिल्या मुलांत होती. आम्ही हिला सगळं दिलं. पण या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.

मग त्यांनी वाकून मला इंग्रजीतच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुझी आई घरी तुझ्या अभ्यासाचं विचारते का?

मी मान हलवली. नाही.

तुझ्याशी बोलते का?

नाही.

कनातीत हळहळ पसरली. एक बाई चक् चक् करून मायकडे पाहत राहिल्या. मायला काही कळत नव्हतं. माझ्या खांद्यावर बाईसाहेबांचा हात पाहून तिला वाटलं माझं कौतुक चाललं आहे. ती हसली. तिचे दात दिसले. सगळ्यांसमोर, दोरीपाशी, ती अभिमानाने हसत उभी होती.

ते हसू मला सहन झालं नाही. आजही होत नाही.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं तिला. बोलू नका म्हणून."

इंग्रजीत म्हटलं. त्या शाळेत मी बोललेलं सगळ्यांत सरळ इंग्रजी वाक्य ते. अडखळले नाही.

बाईसाहेबांचा हात खांद्यावरून निघाला. त्या मोठ्या मिसकडे वळून म्हणाल्या, मी असं कधी म्हणेन का? त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना आठवतच नव्हतं. माझ्या घरातला आवाज त्यांनी बंद केला होता आणि त्यांना ते आठवत नव्हतं.

मी मायकडे वळले. आमच्या बोलीत, त्या सगळ्यांसमोर म्हटलं, "माय, सांग यायले. तू माह्यासंग काऊन बोलत नाई, सांग."

मायचं हसू गेलं. तिने इकडे तिकडे पाहिलं. तोंडावर बोट ठेवलं. तळहात खाली दाबला.

कोणीतरी इंग्रजीत विचारलं, मुकी आहे का ही? दोघं तिघं हसले.

बाईसाहेबांची खुर्ची पहिल्या रांगेत होती. तिच्यावर रुमाल होता. मी ती खुर्ची उचलली. जड होती. रुमाल खाली पडला. मोठ्या मिस माझं नाव घेऊन ओरडल्या. मी खुर्ची दोरीखालून ओढत नेली आणि मायपुढे ठेवली.

"बस माय. ही तुही हाय."

ती बसली नाही. दुसऱ्याच्या डोंग्याकडे, ज्या होडीत आपण पाय ठेवायचा नसतो, पाहावं तसं तिने त्या खुर्चीकडे पाहिलं. माझं मनगट धरलं आणि मला आत ढकलू लागली. जा, जा, असं हाताने करत होती. डोळ्यांनी हात जोडत होती. मी गेले नाही. ती ढकलत राहिली आणि मी पाय रोवून उभी राहिले. मग शाळेच्या शिपाईबाईने आम्हाला दोघींना फाटकाबाहेर काढलं.

घरी जाताना आम्ही रुळांच्या कडेने चालत होतो. माय पुढे, मी मागे. तलावाच्या पाळीवर आल्यावर ती मटकन बसली. रिकामी टोपली बाजूला पडली. आणि ती बोलली. सगळा पावसाळा, सगळा हिवाळा गेल्यावर माझ्याशी पहिला शब्द.

"जाळं फाडलं वं तुनं."

मी टोपली उचलून तिच्याशेजारी बसले.

"मी तोंड बांधून राह्यली. तुया तापात बी राह्यली. कायसाठी राह्यली मी? काठाले आलं होतं ना जाळं. काऊन बोलली तू?"

तिला मारायचं होतं बहुतेक. हात उचलला आणि स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. पुन्हा मारला. मी तो हात धरला. मी तिला सांगू लागले की त्यात मासाच नव्हता, माय. ते जाळं तुझ्यावरच टाकलं होतं. ती ऐकत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की माझा वाटा गेला, आणि मी बोलले म्हणून गेला.

शाळेतून माझं नाव कमी झालंच. पुढे मी मराठी शाळेत शिकले. एका मावशीकडे राहून मॅट्रिक झाले. दरम्यान राज्य बदललं, चांदा मुंबई राज्यात गेला. मी मास्तरीण झाले. लोक म्हणतात, बघ, शेवटी चांगलंच झालं.

पण ते संध्याकाळचं बोलणं परत आलं नाही. माय आता माझ्याशी बोलते, पण मीठ आणायचं, छपराचं कवेलू फुटलं, असं. मी काय वाचते, काय शिकवते, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मी आपणहून सांगू लागले तर ऐकते आणि मान खाली घालते. मध्येच अडवत नाही. मासे कोणते होते, असं विचारत नाही. तिला पटलं आहे की तिचा शब्द माझ्या शिक्षणाला बाधतो. मी सुट्टीत घरी जाते तेव्हा ती आधी पदराने बाज पुसते, मग मला बस म्हणते.

माझी माय माझ्यासाठी बाज पुसते.

मी आता पोंभुर्ण्याच्या पलीकडे एका जंगलातल्या गावात शिकवते. शाळेची एकच खोली आहे, पुढे मातीची पायरी. पहिल्या दिवशी पोरांना सोडायला आया आल्या आणि सगळ्या पायरीखाली थांबल्या. कोणी थांबवलं नव्हतं. पायच थांबले. मी आत या म्हटलं. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. गावचे पाटील तिथे होते. चांगला माणूस. मला समजावून म्हणाले, "बाई, यायले अंदर कायले घेता? यायले का समजते? पोरं धाडतेत, तेवढं पुरे."

मी जास्त बोलणारी नाही. अजूनही चार माणसांत माझा आवाज बसतो. त्या दिवशीही बसला. तरी म्हटलं, "पाटील, मी त्यांना विचारते आहे."

ते गेले. मी आतली खुर्ची उचलली आणि बाहेर आंब्याखाली नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे, पावसाने तिचे वेत कुजले आहेत. वर्गात सतरंजी आहे. मी सतरंजीवर बसते, पोरं बसतात, ज्या आया येतात त्या बसतात. फार येत नाहीत. एखाद्या दिवशी एकच येते, दाराशी बसते, पदर तोंडावर घेते. मी तिला एवढंच सांगते. संध्याकाळी पोराला विचार, आज काय शिकवलं. तुझ्या बोलीत विचार. त्याने सांगितलेलं कळलं नाही तर सोडू नको, पुन्हा विचार. ती म्हणते, "मले का समजते बाई?" मी म्हणते, नाही समजलं तर तोच कच्चा आहे.

आता वरून सांगणं आलं आहे की वर्ग चालू असताना बाहेरची माणसं आत बसवू नयेत. शिस्त राहत नाही. तपासणीला साहेब येणार आहेत. पाटलांनी निरोप दिला, त्या दिवसापुरतं तरी बायांना पायरीखाली थांबू द्या.

मी हो म्हटलेलं नाही. म्हणणार नाही. ज्या दिवशी कोणी एका आईला पायरीखाली उभं करील, त्या दिवशी मी वर्ग पायरीखाली नेईन. सतरंजीसकट. फळ्यासकट. साहेबांना आत बसायचं असेल तर आंब्याखाली खुर्ची आहे. ती त्यांनी स्वतः उचलून आत न्यावी.